अंदाज आणि अनुभव : आनंदी होण्यासाठी आठ आठवड्यांची वही

सहा वर्षांपूर्वी आम्ही सदाशिव पेठेतली दोन खोल्यांची जागा सोडून बाणेरला राहायला आलो. फ्लॅट निवडताना बाल्कनीतून टेकडी दिसते म्हणून जास्तीचे पैसे मोजले. रोज सकाळी इथे बसून चहा घ्यायचा, खुर्च्या कुठे ठेवायच्या, हेसुद्धा आम्ही दोघांनी ठरवून ठेवलं होतं. पहिले दहा-बारा दिवस बसलोही. दिवाळी येईपर्यंत त्या बाल्कनीत कपडे वाळत घालायचा स्टँड आला आणि टेकडी त्याच्या मागे गेली.

पेठेतल्या जागेत उजेड कमी, पाणी सकाळी तासभर, स्कूटर लावायला जागा नाही. पण दुपारी चार वाजले की समोरच्या काकू दारातून हाक मारायच्या, "चहा टाकतेय गं, ये." घर बदलायचा हिशेब आम्ही कागदावर मांडला होता. कर्जाचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, दवाखाना किती लांब, सगळं त्यात होतं. ती हाक त्यात नव्हती.

मी एका महाविद्यालयात २५ वर्षं मानसशास्त्र शिकवलं. सुखाबद्दल माणसाचे अंदाज का चुकतात, हे दरवर्षी वर्गात शिकवायचे. स्वतःचा अंदाज चुकला तेव्हा कळलं की नुसतं माहीत असून भागत नाही, ते रोजच्या दिवसात उतरवायला काहीतरी हत्यार लागतं. माझ्यासाठी ते हत्यार म्हणजे एक वही ठरली. गेल्या चार वर्षांत मी ती स्वतः वापरली, नातेवाइकांना, ओळखीच्यांना लिहायला लावली. तिचीच पद्धत इथे सविस्तर सांगते.

अंदाज कोणत्या दिशेने चुकतो

१९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लॉटरी लागलेल्या २२ जणांना गाठलं आणि लॉटरी न लागलेल्या २२ जणांशी त्यांची तुलना केली. सध्या तुम्ही किती सुखी आहात, या प्रश्नाच्या उत्तरात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, कुणी केलेलं कौतुक असल्या साध्या गोष्टींची गोडी लॉटरीवाल्यांना कमी लागत होती. अभ्यास लहान होता, त्यावर फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण 'नव्याचे नऊ दिवस' ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. मन सरावतं. पगारवाढीला सरावतं, नव्या गाडीला सरावतं, बाल्कनीला तर सरावतंच.

डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी याच्या पुढचा प्रश्न घेतला: पुढे आपल्याला कसं वाटेल, हे माणसाला कितपत ओळखता येतं? त्यांना दिसलं की घटना चांगली असो की वाईट, तिचा परिणाम किती दिवस टिकेल हे आपण फुगवून धरतो. विद्यापीठात कायम नेमणूक नाकारली गेलेले प्राध्यापकसुद्धा स्वतःला वाटलं होतं तेवढे खचलेले राहिले नाहीत.

मला यात सगळ्यात उपयोगाची वाटते ती वेगळीच गोष्ट. अंदाज वाट्टेल तसा चुकत नाही, तो बहुतेक वेळा एकाच बाजूला चुकतो. विकत आणायच्या गोष्टींना आपण मार्क जास्त देतो. पायी फिरणं, अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलणं, कुणाचे मनापासून आभार मानणं, दुसऱ्यावर थोडा खर्च करणं, यांना कमी देतो. यातल्या प्रत्येकावर वेगवेगळे प्रयोग झालेत, ते ओघाने येतील. म्हणून वहीचं मुख्य काम एवढंच: आधी अंदाज लिहायचा, मग ती गोष्ट करायची, मग अनुभव लिहायचा. दोन आकड्यांत जो फरक पडेल, त्यावरून पुढचा आठवडा आखायचा.

सुरू करण्याआधी

सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आपण नकोसे आहोत असे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. 'टेली-मानस' ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर दिवसरात्र, मोफत लागतो आणि मराठीतही बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर हा लेख वाचत बसू नका, आत्ता फोन करा आणि घरातल्या कुणालातरी शेजारी बसवून घ्या. औषधं चालू असतील तर इथलं काहीही वाचून ती बंद करू नका. वही औषधांच्या जोडीने खुशाल लिहा.

पहिला आठवडा: कालचा दिवस लिहा, बदलू काहीच नका

अप्पा बळवंत चौकात मिळते तसली साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाइल नको. नोंद करायला तो उघडला की दहा मिनिटांनी आपण भलतीकडेच पोचलेलो असतो.

रोज सकाळी चहा झाला की पंधरा मिनिटं काढा आणि कालचा दिवस तुकड्यातुकड्यांनी लिहा, एखाद्या नाटकाचे प्रवेश लिहावेत तसा. प्रत्येक तुकड्यात पाच गोष्टी: वेळ, जागा, काय करत होतो, सोबत कोण, आणि तेव्हा कसं वाटत होतं त्याला ० ते १० पैकी मार्क. दिवसाचे दहा-बारा तुकडे पुरेत. ही युक्ती माझी नाही. २००४ साली डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस असाच लिहायला लावला होता. जवळच्या माणसांबरोबर घालवलेला वेळ वर आला, कामावर जाण्यायेण्याचा वेळ अगदी तळाला गेला.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याच्या वहीतलं हे एक पान, त्याला विचारून देते आहे:

८.१५ ते ९.४०, कोथरूड ते हिंजवडी, गाडीत, एकटा, २.
१.०५ ते १.३५, कॅन्टीन, टीममधले दोघे, ७.
६.४० ते ८.२०, परत येताना, चांदणी चौकात अडकलो, एकटा, १.
८.४५ ते ९.००, खाली पार्किंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांशी क्रिकेटच्या गप्पा, ७.
१०.०० ते ११.४५, पलंगावर, मोबाइल, ३.

ते वाचून मी त्याला म्हटलं, "अरे, पार्किंगमधल्या पंधरा मिनिटांना सात आणि मोबाइलच्या पावणेदोन तासांना तीन?"

तो म्हणाला, "मावशी, आजोबांचं मी लिहिणारच नव्हतो. तो काय, जाता जाता झालेला टाइमपास. मोबाइल म्हणजे माझा आरामाचा वेळ, असं मला वाटत होतं."

पहिल्या आठवड्याचं फळ हेच. आपण ज्याला आराम म्हणतो आणि ज्याने खरोखर बरं वाटतं, त्या दोन गोष्टी वेगळ्या निघू शकतात, आणि आकडा लिहिल्याशिवाय ते दिसत नाही. भाच्याचे रोजचे तीन तास रस्त्यावर जात होते, हेही त्याने बेरीज करेपर्यंत त्याला तीन वाटत नव्हते.

सात दिवस झाले की रविवारी वही पुढ्यात घ्या. सात आणि त्यावरच्या तुकड्यांना गोल करा, तीन आणि त्याखालच्यांना अधोरेखा. मग गोल केलेल्यांत सारखं काय आहे ते शोधा. माणूस? जागा? सकाळची वेळ? हातांनी काहीतरी करणं? माझ्या पहिल्या आठवड्यात नऊ गोल होते आणि त्यातल्या सात ठिकाणी 'सोबत' या रकान्यात कुणाचं तरी नाव होतं. मी मात्र समजत होते की मला एकांत फार आवडतो.

जमल्यास आणखी एक खूण करा: त्या वेळी मन थाऱ्यावर होतं का? २०१० साली मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २२५० जणांना दिवसात अवचित फोनवर विचारलं की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि ते भटकत असताना माणसं कमी सुखी होती. पोळ्या लाटताना मनातल्या मनात कालच्या भांडणाला उत्तरं देत असाल, तर त्या तुकड्यापुढे फुली करा. आठवडाभराच्या फुल्या मोजल्या तरी खूप कळतं.

दुसरा आठवडा: अंदाजाचा रकाना

आता पानावर उभी रेघ मारा. डावीकडे 'अंदाज', उजवीकडे 'अनुभव'. आठवड्यातून चार वेळा अशी एखादी गोष्ट करायची जी तुम्ही 'मूड आला की करीन' म्हणून टाळत आलात. करण्याआधी अंदाजाचा मार्क, करून आल्याबरोबर अनुभवाचा.

यामागचं तत्त्व नैराश्यावरच्या उपचारांतून आलं आहे. पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात मांडलं की माणूस उदास झाला की आनंद देणाऱ्या गोष्टी सोडून देतो, आणि त्या सुटल्यामुळे आणखी उदास होतो. हे चक्र तोडायचं तर मन लागण्याची वाट बघायची नाही. केल्यावर मन लागतं.

पहिली गोष्ट म्हणून चालणं घ्या, आणि तेही झाडांमधून. कॅनडातल्या ओटावा शहरात एलिझाबेथ निस्बेट आणि जॉन झेलेन्स्की यांनी काही विद्यार्थ्यांना बाहेर हिरवळीतून चालायला पाठवलं, काहींना विद्यापीठाच्या बंदिस्त भुयारी वाटांतून. बाहेर चाललेल्यांना जास्त बरं वाटलं, हे अपेक्षितच. पण किती बरं वाटेल याचा त्यांनी आधी केलेला अंदाज मात्र प्रत्यक्षापेक्षा कमी होता. पुण्यात तर दारात टेकड्या आहेत. कोथरूड, पाषाण, सेनापती बापट रस्ता यांतून कुठूनही वेताळ टेकडी गाठता येते. सहकारनगरच्या बाजूला तळजाई आहे. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर सारसबागेत फेऱ्या मारा.

माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे: "बाणेर टेकडी, स. ६.१५. अंदाज ३. (थंडी, एकटीच, पाय दुखणार.)" वाट सुरू होते तिथे मी पाचेक मिनिटं नुसती उभी होते. वर गवत दवाने ओलं होतं, सलवारीचे काठ भिजून पोटऱ्यांना चिकटले. अर्ध्या चढावर एक सत्तरीचे गृहस्थ पाण्याचे दोन कॅन घेऊन चढत होते. लावलेल्या रोपांना पाणी घालायला ते रोज येतात. एक कॅन थोडा वेळ माझ्या हातात दिला, "त्या कडुलिंबाला घाला" म्हणाले. मी घातलं. परत आल्यावर लिहिलं, "अनुभव ८. पाय दुखले, ते खरं."

दुसरी गोष्ट, अनोळखी माणसाशी बोलणं. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोत लोकलने जाणाऱ्यांवर प्रयोग केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. शेजारच्याशी बोललात तर प्रवास कसा होईल, असं विचारल्यावर लोक म्हणाले, गप्प बसून जास्त बरा होईल. ज्यांना खरोखर बोलायला लावलं त्यांचा प्रवास मात्र गप्प बसलेल्यांपेक्षा चांगला झाला. पीएमपीच्या बसमध्ये किंवा वनाज-रामवाडी मेट्रोत हे करून बघा. सुरुवात दोघांनाही दिसत असलेल्या गोष्टीवरून करावी: हातातली मोगऱ्याची पुडी, पावसाने थांबलेली रांग, मुलाच्या पाठीवरचं तबल्याचं ओझं. एक वाक्य टाका. समोरच्याने इयरफोन काढला नाही तर तिथेच सोडून द्या. एकट्या मुलीला पुरुषाने छेडू नये, हे वेगळं सांगायला नको. मुलींनीही जिथे सुरक्षित वाटतं तिथेच हे करावं.

कुठलीही गोष्ट एकदा करून नापास करू नका. तीनदा करून बघा. तिन्ही वेळा पाचाखाली आली तर खुशाल काट मारा. योगासनांचा वर्ग मी असाच काटला. सगळ्यांना मानवतो, मला मानवला नाही.

तिसरा आठवडा: खुंटी आणि रात्रीचं पान

ज्या दोन गोष्टींचा अनुभव अंदाजापेक्षा चांगला निघाला, त्यांना आता वेळ आणि जागा द्या. 'रोज चालीन' हा नुसता संकल्प झाला. 'दूध तापवून गॅस बंद केला की बूट घालीन' ही खुंटी आहे, तिला सवय टांगता येते. पीटर गॉलविट्झर यांनी दाखवलं की 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधीच ठरवणारे लोक ठरवलेलं जास्त वेळा पार पाडतात. आणि २१ दिवसांत सवय लागते, हे विसरून जा. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस आला. कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचं फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं.

रात्री झोपण्यापूर्वी आज चांगल्या झालेल्या तीन गोष्टी आणि प्रत्येकीपुढे 'का झाली' ते लिहा. मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात आठवडाभर हे केलेल्यांना सहा महिन्यांनीही फरक जाणवत होता, विशेषतः ज्यांनी ते आपणहून पुढे चालू ठेवलं त्यांना. 'का' हा भाग गाळू नका. 'भाजी चांगली झाली' यापेक्षा 'मंडईत मावशींनी कोवळी गवार निवडून दिली म्हणून भाजी चांगली झाली' हे वेगळं आहे, त्यात एक माणूस आला. मात्र रोज तेच ते लिहिलं जाऊ लागलं तर आठवड्यातून एकदाच लिहा. कृतज्ञतेची यादी आठवड्यातून एकदा करणाऱ्यांना तीनदा करणाऱ्यांपेक्षा जास्त लाभ झाला, असं सोन्या ल्युबोमिर्स्की यांना दिसलं होतं. मन यालाही सरावतं.

चौथा आणि पाचवा आठवडा: माणसं

इथे दोन आठवडे दिले आहेत, कारण सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो, असं माझं मत आहे. हार्वर्डचा प्रसिद्ध अभ्यास १९३८ साली सुरू झाला. महाविद्यालयातले २६८ विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुलं, अशा एकूण ७२४ जणांचं अख्खं आयुष्य संशोधकांनी टिपलं. आता त्यांच्या पुढच्या पिढीचा अभ्यास चालू आहे. सध्याचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात की पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते, तेच ऐंशीत जास्त धडधाकट निघाले. आधी नाती की आधी तब्येत, हा गुंता असल्या अभ्यासात पूर्ण सुटत नाही. पण दोन्ही बाजूंनी बघितलं तरी नात्यांवर खर्च केलेला वेळ वाया जात नाही.

आधी एक यादी करा. ज्यांची आठवण येते पण सहा महिन्यांत बोलणं झालं नाही, अशी पाच नावं. प्रत्येकापुढे अंदाज लिहा: फोन केला तर कसं वाटेल? मग आठवड्याला दोन फोन. "सहज केला गं, तुझी आठवण आली" एवढं कारण पुरतं. फोनच्या शेवटी पुढचा वार ठरवून टाका, नाहीतर 'भेटू या एकदा' हे वाक्य वर्षभर तसंच लोंबकळत राहतं. सदाशिव पेठेतल्या त्या काकूंशी माझा बुधवारी दुपारी चारचा फोन ठरला आहे. दोघी आपापल्या घरी चहा टाकतो आणि बोलतो. पहिल्या वेळी अंदाज ५ होता. काकूंना ऐकायला कमी येतं, बोलणं कसलं होणार, असं मला वाटलं होतं. गाळण्याचा टकटक आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "तेच पितळी गाळणं आहे ना अजून?"

त्यानंतर पत्र. ज्यांनी तुमचं भलं केलं आणि ज्यांचे आभार नीट मानायचे राहून गेले, अशा एका हयात व्यक्तीला एक-दीड पान लिहा. त्यांनी नेमकं काय केलं, त्याने तुमच्या आयुष्यात काय बदललं, आज तुम्ही काय करता. मोघम स्तुती नको, प्रसंग हवा. मग शक्यतो स्वतः जाऊन ते वाचून दाखवा. सेलिग्मन यांच्या त्याच अभ्यासात लगेच मिळालेला सगळ्यात मोठा आनंद या भेटीचा होता. तो साधारण महिनाभर टिकला, मग ओसरला. म्हणजे हे वर्षातून दोन-तीनदा करावं. अमित कुमार आणि एप्ली यांनी २०१८ मध्ये दाखवलं की असं पत्र मिळालेल्याला किती आनंद होईल, हे लिहिणारा फारच कमी धरतो, आणि किती अवघडल्यासारखं होईल हे जास्त धरतो.

मी आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना लिहिलं. अंदाज ४, कारण लाज वाटत होती. नारायण पेठेत त्यांच्या घरी गेले. बाई आता ८४ वर्षांच्या आहेत. आठवीत मी निबंधात एक वाक्य लिहिलं होतं, त्याखाली त्यांनी लाल शाईने 'हे तुझं आहे, जप' असं लिहिलं होतं. तेच पत्रात होतं. मी भराभर वाचून टाकलं. बाईंनी चष्मा शोधला, लावला, आणि म्हणाल्या, "आता पुन्हा वाच. हळू वाच." दुसऱ्यांदा वाचताना माझा आवाज दोनदा अडकला. वाचून झाल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं, मुलींना काय लक्षात राहणार." पत्र त्यांनी देवघरातल्या फळीवर ठेवलं. त्या दिवशी अनुभवाच्या रकान्यात मी आकडा लिहिला नाही.

सहावा आठवडा: एक अक्षर 'च'

आत्तापर्यंत करण्याच्या गोष्टी झाल्या. पण काही दिवस कितीही चालून, कितीही फोन करून मनातली धग जात नाही, कारण आत एक मागणी ठाण मांडून बसलेली असते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली उपचारपद्धती यासाठी मला आजही सगळ्यात सरळ वाटते. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती रुजवली, मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. गाभा असा: घटनेमुळे थेट त्रास होत नाही, घटनेबद्दल आपण मनात जे वाक्य म्हणतो त्यामुळे होतो. आणि त्या वाक्यात बहुधा एक हट्ट असतो. इच्छा असणं वेगळं, हट्ट वेगळा. मराठीत हा हट्ट एका अक्षरात सापडतो.

"मुलाला ९५ टक्के मिळायलाच हवेत." "त्यांनी मला विचारायलाच हवं होतं." "माझं कौतुक व्हायलाच पाहिजे."

फार चिडचिड किंवा फार घालमेल झाली की वहीत चार ओळी लिहा. एक, काय घडलं, अगदी कॅमेऱ्यात दिसेल तेवढंच. दोन, मनात कोणतं वाक्य आलं, आहे तसं. तीन, त्यातल्या 'च'ला गोल करा. वाक्यात 'च' दिसला नाही तर लपलेला शोधा, 'म्हणजे काय, हे काय वागणं झालं?' यातही तो असतो. चार, तेच वाक्य 'च' काढून लिहा आणि पुढे जोडा: 'नाही झालं तर वाईट वाटेल, पण ते मी सोसू शकते.'

माझं उदाहरण. लेक परदेशात आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. एका रविवारी आला नाही आणि मी संध्याकाळी सहापासून धुमसत होते. वाक्य होतं, 'आठवड्यातून एकदा तरी तिने आईला फोन करायलाच हवा.' चौथी ओळ लिहिली: 'तिने रविवारी फोन केला तर मला फार आवडतं. नाही केला तर वाईट वाटतं, आणि वाईट वाटूनही माझी संध्याकाळ जाऊ शकते.' राग एकदम गेला असं नाही, तो कमी होऊन हुरहुर उरली. हुरहुर सोसवते, शिवाय ती खरी आहे. मग मीच फोन केला. तिच्या लेकाला ताप होता.

'च' काढायचा म्हणजे सगळं चालवून घ्यायचं, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. घरात मारहाण होत असेल, पगार अडवला जात असेल, तर तिथे वाक्य बदलत बसायचं नाही, परिस्थिती बदलायला मदत मागायची.

सातवा आठवडा: पैसा

हे थोडक्यात. पैशाने सुख वाढत नाही, हे खरं नाही. २०१० मध्ये कानेमन आणि अँगस डीटन यांना वर्षाला ७५ हजार डॉलरच्या आसपास रोजचं सुख वाढायचं थांबलेलं दिसलं होतं. २०२३ मध्ये स्वतः कानेमन, किलिंग्जवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांनी एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांचं सुख त्यापुढेही उत्पन्नाबरोबर वाढताना दिसलं. फक्त सगळ्यात दुःखी गटात ते एका टप्प्यावर थांबत होतं.

पैसा कुठे जातो, हे तुमच्या हातात जास्त आहे. एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी कॅनडात लोकांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले. काहींनी ते स्वतःवर खर्च करायचे, काहींनी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश होते, रक्कम कितीही असो. नुसता अंदाज विचारलेल्यांनी मात्र 'स्वतःवर' आणि '२० डॉलर' हेच निवडलं होतं. या आठवड्यात शंभर रुपये वेगळे काढा आणि ते कुणावर तरी, समोरासमोर खर्च करा. सोसायटीच्या वॉचमनबरोबर बसून दोन वडापाव आणि चहा, असं काहीतरी. ऑनलाइन देणगी चांगलीच, पण या प्रयोगाला समोर चेहरा हवा.

मोठ्या खरेदीआधी दोन प्रश्न वहीत लिहा. यात माझ्याबरोबर आणखी कोण असेल? आणि याने माझा रस्त्यावरचा वेळ वाढेल का? आलोइस स्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय यांनी जर्मनीतली माहिती तपासली तेव्हा लांबून कामावर जाणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाले, मोठ्या घराने किंवा जास्त पगाराने ती तूट भरून निघाली नव्हती. भाच्याने यंदा गाडी बदलायचं रद्द केलं आणि हिंजवडीजवळ वाकडला भाड्याने लहान जागा घेतली. आता तो सिंहगडावर महिन्यातून एकदा मित्रांना घेऊन जातो, झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही खातो, आणि त्याला वहीत कायम आठच्या वर मार्क देतो.

आठवा आठवडा: पुन्हा कालचा दिवस

पहिल्या आठवड्यासारखेच सात दिवस पुन्हा लिहा आणि दोन्ही आठवडे शेजारी ठेवा. आठाचे दहा झालेत का, हे बघू नका. तीन आणि त्याखालचे तुकडे किती कमी झाले आणि गोल केलेले किती वाढले, एवढंच मोजा. मधल्या काळात रोज उठून 'मी आनंदी झाले का?' असं तपासत बसू नये. आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की जे सुखाला फार महत्त्व देतात, त्यांनाच चांगल्या प्रसंगात कमी सुख मिळतं, कारण ते मनातल्या मनात अपेक्षेशी तुलना करत राहतात. म्हणून मार्क गोष्टीला द्यायचे. स्वतःला द्यायचे नाहीत.

मग तीनच गोष्टी पुढे न्या, जास्त नको. माझ्याकडे मंगळवार-शुक्रवारची टेकडी, बुधवारचा चारचा फोन आणि लागेल तेव्हा 'च'चं पान उरलं. रात्रीच्या तीन गोष्टी मी आता फक्त रविवारी लिहिते. वही मध्येच सुटली, लग्नसराई आली, आजारपण आलं, तर मागची पानं भरत बसू नका. नव्या पानावर आजची तारीख घाला आणि एकच ओळ लिहा: उद्या काय करणार, किती वाजता, आणि अंदाज किती.